आबाजींचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर: एका व्हॉल्व्हची पेटी लाल होते आहे, पुढे काय करू?

पऱ्हाटी | १४ जून, रात्री १०.२०

राम राम मंडळी.

आमच्या आबाजींचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव आणि आजूबाजूची दहा-बारा खेडी. लग्न असो, भागवत सप्ता असो, शंकरपट असो, बंडीत भोंगे टाकून आबाजी हजर. ते गेले, बाबांनी शेती धरली आणि मशीन (घरात त्याला मशीनच म्हणतात) टिनाखालच्या माळ्यावर गेलं. गेल्या आठवड्यात सरकीची पोती हलवताना ते हाती लागलं.

लोखंडी पेटी, हिरवट रंग. कंपनीची पाटी केव्हाच पडलेली, तिच्या जागी दोन भोकं. झाकण उघडलं तर आत उंदरांनी कापसाचं घर केलेलं, वर मुताचे पांढरे डाग. कापूस काढला, ब्रशने झाडलं. व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या त्या काचेच्या नळ्या) पाच आहेत: दोन ईएल८४, दोन ईसीसी८३ आणि एक ईझेड८१. ईएल८४ वर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची खूण अजून दिसते.

मग जे करायला नको होतं तेच केलं. म्हटलं, एकदा लावून तर पाहू. एक भोंगा जोडला आणि पिन खोचली. अर्ध्या मिनिटात पाचही व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड आला, भोंग्यातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. बाबा बाजेवरून उठून जवळ आले. दोनेक मिनिटांनी डावीकडच्या ईएल८४ मधली करड्या पत्र्याची पेटी मधोमध लाल दिसायला लागली, लोहाराकडे वखराची पास तापते तशी. मेण जळाल्याचा वास आला. पिन उपटली.

बाबांची एकच इच्छा आहे. यंदाच्या पोळ्याला झडत्या (बैलांपुढे म्हणतात ती सवाल-जवाबाची कवनं) या मशीनवर व्हाव्यात. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, मोटारी-स्टार्टर रोजचं काम, सोल्डरिंग येतं. पण व्हॉल्व्हचं काम कधी केलेलं नाही. काय करू?

तर्री पोहा | १४ जून, रात्री १०.४१

व्हॉल्व्ह गेला भाऊ. ऑनलाइन नवा मागव, टाक, विषय संपला.

कथिलाचा डाग | १५ जून, सकाळी ६.०५

विषय संपणार नाही, नवा व्हॉल्व्हही संपेल.

पऱ्हाटी, मी वर्ध्याकडचा. रेडिओ दुरुस्तीत तीस-पस्तीस वर्षं गेली, आता दुकान बंद आहे. दोन्ही ईएल८४ ना वरचं व्होल्टेज एकच मिळतं. मग एकच का लाल झाला? कारण त्याच्या ग्रिडवर (करंटला आवर घालणारी आतली जाळी) नको ते व्होल्टेज येतंय. आधीच्या ईसीसी८३ च्या प्लेटवर (तुम्ही पेटी म्हणता ती) दीड-दोनशे व्होल्ट डीसी असतात. तिथून ईएल८४ च्या ग्रिडपर्यंत फक्त आवाज जावा, डीसी अडावा, म्हणून मध्ये एक कंडेन्सर बसवलेला असतो. आबाजींच्या काळातला तो कागदाचा, वरून मेण लावलेला. कागद ओल धरतो आणि पन्नास वर्षांनी थोडं थोडं डीसी पाझरू देतो. ग्रिडला चार-पाच व्होल्ट पॉझिटिव्ह मिळाले की व्हॉल्व्हवरचा ताबा सुटतो, तो मोकाट करंट ओढतो आणि प्लेट लाल होते. दुसऱ्या बाजूचा कंडेन्सर अजून तग धरून असेल, पण तोही त्याच वयाचा आहे.

दोन मिनिटांत बंद केलंत हे बरं झालं. आणखी दहा मिनिटं चाललं असतं तर व्हॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला असता, आणि तो गेला की मशीन गेलं म्हणून समजा. पिन परत खोचू नका. मागून, खालून, सगळीकडून फोटो टाका.

ओह्मशांती | १५ जून, सकाळी ९.३०

+१. एक भर घालते (नागपूरला तंत्रनिकेतनात शिकवते, व्हॉल्व्ह हा घरचा छंद).

तुम्ही मोटारींवर काम करता, म्हणजे "स्विच बंद, लाइन गेली, आता हात घालायला हरकत नाही" ही सवय असणार. इथे ती सवय सोडा. पिन काढल्यावरही फिल्टरच्या (डीसी सपाट करणाऱ्या) कंडेन्सरमध्ये तीन-साडेतीनशे व्होल्ट डीसी बसून राहतात, कधी मिनिटभर, कधी तासभर. ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये ३५० व्होल्टला जवळपास ३ ज्यूल ऊर्जा असते. एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडली तर मधे हृदय आहे.

स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. त्याने कंडेन्सरची आतली जोडणी तुटते, पाना उडतो, आणि दचकून हात भलतीकडे जातो. १० किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या. त्याच्या एका टोकाला चांगल्या इन्सुलेशनच्या वायरीने मगरचिमटा लावून तो चेसिसला (मशीनच्या लोखंडी सांगाड्याला) धरा, दुसरं टोक एका लांब दांडीवर बांधून कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला लावा. अडीच-तीन सेकंदांत रिकामा होतो. मग मीटरने पाहा. काम चालू असेपर्यंत चिमटा तिथेच राहू द्या, कारण रिकामा केलेला कंडेन्सर काही वेळाने आपोआप थोडं व्होल्टेज परत दाखवतो.

पऱ्हाटी | १५ जून, दुपारी १.१२

दांडी म्हणून तुराटी चालेल का? घरात ढीग पडला आहे.

कथिलाचा डाग | १५ जून, दुपारी १.५०

तुराटी चुलीत घाला. वाळलेली वाटते, पण मृगात हवेतली ओल धरते. वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, हातभर.

आणि अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा, सगळं काढून ठेवा. हे पुस्तकात वाचून सांगत नाही. दुकान नवं होतं तेव्हा एका मोठ्या रेडिओग्रामचं चेसिस डाव्या हाताने धरलं होतं, घड्याळ त्याला टेकलेलं. उजव्या हाताने एक वायर बाजूला सारायला गेलो. पुढचं आठवतं ते एवढंच की मी स्टुलामागे भिंतीला टेकून बसलेलो आणि गिऱ्हाईक चहाचा कप धरून उभं. मनगटावर पट्ट्याच्या कड्यांचे डाग महिनाभर होते. तेव्हापासून चालू मशीनजवळ माझा डावा हात खिशात.

डीपीवरचा पोपट | १५ जून, संध्याकाळी ७.३३

राजेहो, या धाग्यात लाइनमनले जागा हाय का?

पऱ्हाटी भाऊ, पयले आपल्या घरचं व्होल्टेज मोज. सकाळी येगळं, दुपारी येगळं, रात्री येगळं. शेतीचा फीडर चालू असला की डीपीवर मोटारी पडते अन् घरात एकशे ऐंशी-नव्वद. मोटारी बंद झाल्या की तेच घर दोनशे पन्नासवर जाते. जुनं मशीन असं हेलकावे कसं सोसन?

पऱ्हाटी | १६ जून, रात्री ९.१५

मोजलं. सकाळी ७ ला २२६, दुपारी १९२, आत्ता २४८. फोटो टाकले आहेत. बघून सांगा.

कथिलाचा डाग | १६ जून, रात्री ९.५०

तिसरा फोटो मोठा करून पाहा. मागच्या पट्टीवर २००, २२०, २५० अशी तीन भोकं आहेत आणि एक स्क्रू. तो स्क्रू २०० वर आहे!

तुम्ही त्या दिवशी रात्री लावलं असेल तर २०० च्या जागी २४८ दिले. हीटरला (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) ६.३ व्होल्ट हवेत, गेले पावणेआठच्या वर. चालतात ५.७ ते ६.९. वरचं हायटेन्शनही (प्लेटला मिळणारं डीसी) त्याच प्रमाणात चढलं. कंडेन्सर पाझरत होता हे खरं, पण आगीत तेल या स्क्रूने ओतलं.

पऱ्हाटी | १६ जून, रात्री १०.३०

बाबांना विचारलं. म्हणाले, तेव्हा लग्नाच्या दिवसांत लाइन एवढी पडायची की बल्ब कंदिलासारखा दिसायचा. आबाजींनी स्क्रू २०० वर नेला आणि आयुष्यभर तिथेच ठेवला.

आणखी एक सांगितलं. कीर्तनाला बुवा माइकला रुमाल गुंडाळायचे, कारण ओठाला माइक लागला की चटका बसायचा. बाबांना वाटायचं ती बुवांची शिवाशीव.

ओह्मशांती | १६ जून, रात्री १०.५५

शिवाशीव नव्हे हो, कंडेन्सर! मशीनला दोन पिनांची वायर असणार, अर्थिंग नाही. पिनेच्या वायरीपासून चेसिसपर्यंत एक छोटा कंडेन्सर असतो, रेडिओतली खरखर कमी व्हावी म्हणून लावलेला. तो चांगल्या स्थितीत असेल तर ०.०१ मायक्रोफॅरडमधून पाऊण मिलिअँपच्या आत करंट येतो, नुसत्या झिणझिण्या. पण तोही कागदाचाच. पाझरू लागला की करंट वाढतो, आणि शॉर्ट झाला की सरळ फेज माइकवर. बुवांच्या रुमालाने बुवांना वाचवलं असेल कदाचित. तो कंडेन्सर कापून टाका. लावायचाच असेल तर वाय-२ वर्गाचाच लावा, दुसरा कुठलाही नाही.

वायर तीन कोअरची करा. हिरवी वायर चेसिसला वेगळ्या बोल्टने, खालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टला नको.

डीपीवरचा पोपट | १७ जून, सकाळी ६.४०

ताई, हिरवी वायर लावून काम होत नाही. तिसऱ्या पिनेच्या मागं काय हाय ते पयले पाहा. अर्ध्या गावात ती पिन कोठीच जोडेल नसते. उरलेल्या निम्म्यात कोण्या शहाण्यानं बोर्डातच न्यूट्रल तिले जोडून देलेला असते. न्यूट्रल खांबावर तुटला का त्या पिनेवर फेज येते अन् मशीनची पेटी जित्ती होते. वेगळा अर्थ पाहिजे. तुमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीत मीठ हाय, अर्थ चांगला लागते, पण जीआयचा पाइप तेच मीठ खाऊन टाकते. गड्डा उकरून पाइप पाहून घेजो.

संत्राबर्फी | १७ जून, सकाळी १०.१०

घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर एवढी भीती कशाला? तो ट्रिप होईलच की.

ओह्मशांती | १७ जून, सकाळी १०.४५

होणार नाही. हा गैरसमज फार जणांचा आहे. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. मशीनच्या आतलं हायटेन्शन ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वाइंडिंगवर तयार होतं. तुमचा एक हात त्यावर आणि दुसरा चेसिसवर असेल तर तो करंट आतल्या आत फिरतो, आरसीसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. पिनेच्या बाजूच्या गळतीसाठी तो हवाच, पण आत घातलेल्या हाताचं रक्षण तो करत नाही.

संत्राबर्फी | १७ जून, दुपारी १२.०२

बरं. मग जाता जाता विचारते. आजीचा एक टेबल रेडिओ आहे, आत यूएल८४, यूवाय८५ असं लिहिलंय. त्याला मोठा ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. तो लावून बघू का?

ओह्मशांती | १७ जून, दुपारी १२.०४

नाही!! झाकणही काढू नका. यू ने सुरू होणारे व्हॉल्व्ह म्हणजे एसी-डीसी सेट. सगळे हीटर माळेसारखे एकामागे एक, आणि चेसिस थेट मेन लाइनच्या एका वायरीला. पिन उलटी बसली की आख्खं चेसिस फेजवर. बटण गळून पडलेल्या उघड्या लोखंडी दांडीलाही शॉक बसतो. असा सेट १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय कोणी उघडू नये. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा) म्हणजे आयसोलेशन नव्हे. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते.

जुनं ते सोनं | १८ जून, रात्री ८.२५

एक वेगळं मत. सगळे कंडेन्सर काढून फेकायची घाई का? फिल्टरचे ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हळूहळू व्होल्टेज देऊन परत तयार करता येतात, आतला ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो. डिमरस्टॅटवर चार-सहा तास हळूहळू चढवा. मशीन जसं होतं तसं राहिलं पाहिजे. नाहीतर उरली फक्त पेटी.

कथिलाचा डाग | १८ जून, रात्री ९.००

थर परत धरतो हे बरोबर, मीही केलंय. पण दोन अडचणी आहेत. एक, या मशीनमध्ये रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्हचा आहे. डिमरस्टॅट खाली असेल तर ईझेड८१ चा हीटर तापतच नाही, डीसी येतच नाही. मग तो एकदम जागा होतो आणि कंडेन्सरला "हळूहळू" मिळतच नाही. दुसरी, टिनाखाली मे महिन्याच्या उन्हात चाळीस वर्षं भाजलेल्या कंडेन्सरमधलं पाणी उडून गेलेलं असतं. थर धरला तरी तो किती दिवस टिकेल, हे मी लिहून देणार नाही. हे मशीन पोळ्याच्या गर्दीत, लहान पोरांमध्ये उभं राहणार आहे, काचेच्या कपाटात नाही.

मधला रस्ता असा. वरचा जुना ॲल्युमिनियमचा डबा शोभेला राहू द्या, त्याच्या वायरी सोडवा. चेसिसच्या खाली टॅगस्ट्रिपवर नवे ४५० व्होल्टचे, १०५ डिग्रीवाले बसवा. पहिला ४७ मायक्रोफॅरडच्या वर नको. ईझेड८१ ला ५० पर्यंतच झेपतं. "जास्त घातला की आवाज स्वच्छ" म्हणून शंभर-दोनशे घालणारे सुरुवातीच्या झटक्यातच रेक्टिफायर मारतात.

जुनं ते सोनं | १८ जून, रात्री ९.२०

डबा राहणार असेल तर माझं काही म्हणणं नाही.

तर्री पोहा | १८ जून, रात्री ९.२२

सोनं मवाळ झालं 😄

पऱ्हाटी | २९ जून, रात्री ९.४५

पेरणीत अडकलो होतो. आता झालेलं सांगतो.

फ्यूजच्या काचेच्या नळीवर चॉकलेटची चांदी गुंडाळलेली निघाली. ती फेकली. मशीन साठ-सत्तर वॉटचं, म्हणजे करंट ०.३ अँपिअरच्या आसपास. ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो टाकला. स्क्रू २५० वर नेला. तीन कोअरची वायर केली. मागून पाहिलं तर आमच्या बोर्डात खरंच न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले होते. पोपटदादा, पाया कुठं पडू? वेगळा अर्थ घेतला.

ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी आणि लोखंड यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) पाहिलं, काटा वरच गेला, म्हणजे गळती नाही. मेगर मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणला होता. तो म्हणत होता, ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर मी भरून देतो. देऊ का कधी लागलं तर?

कथिलाचा डाग | २९ जून, रात्री १०.१०

पॉवर ट्रान्सफॉर्मर देऊ शकता, वेढे मोजून भरेल. आउटपुट ट्रान्सफॉर्मर देऊ नका. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी थरावर थर, एकमेकींत गुंफलेल्या असतात. मोटारवाला सगळी प्रायमरी आधी भरेल आणि सेकंडरी वरून गुंडाळेल. चालेल, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येईल. त्याची तपासणी आताच करून ठेवा. बंद मशीनमध्ये मधल्या टोकापासून दोन्ही प्लेटपर्यंत ओहम मोजा. दोन्हीकडे थोडा फरक चालतो, कारण बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते. एक बाजू उघडी दाखवली तर मला फोन करू नका, आधी रडून घ्या.

पऱ्हाटी | ३० जून, सकाळी ७.१५

१३८ आणि १५१.

कथिलाचा डाग | ३० जून, सकाळी ७.२०

पेढे वाटा. आता सिरीज बोर्ड (लाइनमध्ये एक बल्ब घालून मशीन लावायचं).

ओह्मशांती | ३० जून, सकाळी ८.४०

सिरीज बोर्ड तुमच्या मोटारीच्या कामात असेलच, पण बल्ब तारेचाच हवा, ६० वॉटचा. एलईडी लावून काही कळणार नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून सुरू करा. बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझला पाहिजे. भगभगत राहिला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये वेढे शॉर्ट आहेत, थांबा. बरं असेल तर व्हॉल्व्ह घालून पुढे जा. आउटपुटला भोंगा किंवा ८ ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर जोडलेला असू द्या. आउटपुट मोकळा ठेवून आवाज दिला की प्रायमरीवर व्होल्टेज उसळून इन्सुलेशन फाटतं.

मीटरचे चिमटे मशीन बंद असताना लावायचे. मग सुरू करायचं, वाचायचं, बंद करायचं, रिकामं करायचं, चिमटा हलवायचा. कंटाळवाणं आहे. घरात मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेलं एक माणूस जवळ बसवा.

पऱ्हाटी | ३ जुलै, रात्री ११.०५

बाबा मेन स्विचजवळ खुर्ची टाकून बसले, हातात काठी. काठी कशाला विचारलं तर म्हणाले, "तू चिकटलास तर."

व्हॉल्व्हशिवाय बल्ब विझला. डावीकडचा ईएल८४ काढून ठेवला, बाकीचे घातले, मीटर त्याच्या सॉकेटच्या २ नंबर पिनेवर. सिरीज बल्बवर असूनही +६ व्होल्ट!

बंद केलं, रिकामं केलं, चिमटा काढला, चहा प्यायला गेलो. परत येऊन मीटर लावला तर फिल्टरवर २६ व्होल्ट. ताई, तुम्ही म्हणाला होतात तेच. चिमटा काढायला नको होता.

कथिलाचा डाग | ४ जुलै, सकाळी ५.५५

व्हॉल्व्ह काढूनही सॉकेटवर व्होल्टेज आहे, म्हणजे दोष कंडेन्सरचाच. व्हॉल्व्ह काढल्यावर ते शून्य झालं असतं तर व्हॉल्व्हमध्ये गॅस धरला आहे म्हणालो असतो. दोन्ही बाजूंचे बदला, ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन. हात लागलाच आहे तर कॅथोडचा इलेक्ट्रोलिटिकही, आणि प्लेटचे १०० किलोओहमचे कार्बन रेझिस्टर मोजा. ते वयाबरोबर वरच चढतात.

पऱ्हाटी | १२ जुलै, रात्री १०.४०

एक १०० चा १४२ झाला होता, बाकीचे ठीक. सगळं बदललं. मुताने हिरवी पडलेली सॉकेटं आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसली. ईझेड८१ च्या सॉकेटमध्ये दोन पिनांच्या मधे काळी रेघ होती, ते सॉकेटच नवं टाकलं.

थेट लाइनवर, २४४ व्होल्टला: हीटर ६.२, हायटेन्शन २९६, दोन्ही ग्रिड शून्य. दोघांचा मिळून एक कॅथोड रेझिस्टर आहे, लिहिलेला १३०, मोजला १२८. त्यावर १०.२ व्होल्ट. हे बरोबर आहे का?

ओह्मशांती | १२ जुलै, रात्री ११.००

१०.२ भागिले १२८, म्हणजे दोघांचे मिळून ८० मिलिअँप. त्यातून स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी) आठेक वजा करा. प्रत्येक प्लेटला ३६. प्लेट आणि कॅथोडमध्ये २८६ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकी १०.३ वॉट. ईएल८४ ची मर्यादा १२. सुंदर.

दिवे मालवून दहा मिनिटं पाहा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. जांभळं धुकं पत्र्याच्या आत दिसलं तर तो व्हॉल्व्ह काढा.

पऱ्हाटी | १२ जुलै, रात्री ११.३५

निळी झाक, काचेवर. लाल काही नाही. ज्या व्हॉल्व्हची पेटी लाल झाली होती तोही ठीक दिसतोय! बाबा अंधारात मशीनसमोर बसून आहेत, उठायला तयार नाहीत.

पण थोडी गुणगुण आहे.

कथिलाचा डाग | १३ जुलै, सकाळी ६.१०

आवाज कमी केल्यावरही तेवढीच राहते का? फिल्टर कच्चा असेल तर १०० हर्ट्झची, जरा चिरकी गुणगुण येते. हीटरच्या वायरीतून किंवा अर्थातून शिरली तर ५० ची, जाड. तुम्ही फिल्टर नवा टाकलाय, म्हणजे जाड असणार. हीटरच्या दोन वायरी एकमेकींना वेणीसारखा पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्यातून न्या, ग्रिडच्या वायरीपासून लांब.

पऱ्हाटी | १४ जुलै, रात्री ९.२०

जाडच होती. वेणी घातली, गेली. आता आबाजींचा माइक जोडला तर मात्र आवाजच नाही. नवा, गाण्याचा म्हणून मिळतो तो माइक लावला तर अगदी बारीक येतो.

ओह्मशांती | १४ जुलै, रात्री ९.४८

जुना क्रिस्टल माइक असणार. आत रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो, तो ५५ डिग्रीच्या आसपास कायमचा मरतो. टिनाखालच्या माळ्यावर पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच गेला असेल. त्याचं काही होणार नाही. नवा डायनॅमिक माइक कमी इम्पिडन्सचा आहे, मशीनला जास्त हवा. मध्ये एक छोटा माइक मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागेल, वायरीतच बसणारा मिळतो.

जुनं ते सोनं | १४ जुलै, रात्री १०.०१

जुन्या माइकच्या खोळीत नवं युनिट बसतं. डबा ठेवला, तशी खोळही ठेवा.

पऱ्हाटी | पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११.३०

झालं मंडळी.

मारोतीच्या पारावर मशीन, लिंबाला एक भोंगा, वेशीवर दुसरा. दोन्ही १६ ओहमचे, समांतर जोडून ८ च्या टोकाला. पोपटदादांचं ऐकून मध्ये स्टॅबिलायझर ठेवला. तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडे एक झडती म्हणतो, दुसरा लगेच उत्तर देतो, माइक हातोहात फिरतो. चार तास मशीन चाललं. पेटीवर हात ठेववत नव्हता एवढी तापली. व्हॉल्व्ह तेवढे तापतातच म्हणा.

सुरू करायच्या आधी बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि माइकला गुंडाळला. म्हटलं, बाबा, आता शॉक लागत नाही, अर्थ केलाय, तो कंडेन्सरही काढलाय. म्हणाले, "माहीत आहे. तरी असू दे."

जुन्या खोळीत नवं युनिट बसवलंय. फोटो टाकतो आहे.

डीपीवरचा पोपट | दुपारी १२.१५

लय भारी भाऊ. तोरणाच्या टायमाले लाइन गेली नाही हे कोणाच्या लक्षात आलं का?

ओह्मशांती | दुपारी १.४०

फोटो पाहून बरं वाटलं. रुमाल राहू द्या. एकदा चेसिस आणि अर्थमधलं व्होल्टेज परत मोजा. काल तिकडे पाऊस होता, पारावरची तात्पुरती जोडणी ढिली होते.

पऱ्हाटी | दुपारी २.०५

आत्ताच मोजलं. ०.४.